निनावं

नारळाचा रस गाळून पिठात ओतत होते, तेव्हा वन्संनी पर्समधून एक फोटो काढला, ओट्याचा कोपरा पदरानं पुसला आणि तिथे ठेवला.

"हात धुऊन बघ," म्हणाल्या. "आणि बघायच्या आधी रागावणार नाहीस असं कबूल कर."

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, विमलताई. ठाण्याला राहायच्या. गोतावळ्यातली लग्नं जुळवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं, आणि त्यात त्यांना फारसं यश येत नसे. श्रावण संपत आला की आमच्या सीकेपी घरांत निनावं होतं. चण्याचं पीठ, थोडी कणीक, गूळ आणि नारळाचा रस घोटायचा, वरून लाल होईपर्यंत भाजायचा आणि वड्या पाडायच्या. एवढ्या चवीच्या पदार्थाला नावच कसं कुणी ठेवलं नाही, हे मला लहानपणापासून पडलेलं कोडं. वन्संना ते इतकं आवडे, की पिठोरी अमावास्येपर्यंत त्यांना धीर निघत नसे. आधीच्या एखाद्या रविवारी त्या आमच्या वांद्र्याच्या सरकारी वसाहतीत हजर होत. त्या रविवारी मात्र त्या निनाव्यासाठी आल्या नव्हत्या.

रागावण्याचं कारण असं, की माझी मुलगी गौतमी त्या मुलाला आधीच भेटली होती. वन्संनी तिला कसल्याशा निमित्तानं ठाण्याला बोलावलं, मुलगाही तिथे आला आणि दोघं गच्चीवर दिवेलागणीपर्यंत बोलत बसली. मला न सांगण्यामागे वन्संचा हिशेब सरळ होता. पसंत पडला नाही तर आईच्या जिवाला उगाच घोर नको.

गौतमीचं लग्न त्याआधी एकदा ठरून मोडलं होतं. साखरपुडा झाला होता. मुलाकडच्यांनी तारीख पुढे ढकलली, मग आणखी पुढे ढकलली, आणि शेवटी कुणाच्या तरी हाती निरोप पाठवला. त्यानंतर वसाहतीतल्या बायका मला जिन्यात गाठून चौकशी करत. ऑफिसात मी आत शिरले की टेबलाभोवतीचं बोलणं थांबे. गौतमी रडली नाही, कुणाला दोषही दिला नाही. फक्त घरात तिचा आवाज येईनासा झाला. वन्संकडून आल्यावर मात्र मी तिला न्हाणीघरात गुणगुणताना ऐकलं होतं. कारण विचारायची भीती वाटली, म्हणून विचारलं नव्हतं.

ते कारण आता ओट्यावर होतं. चष्मा, जरा पुढे आलेले कान, फोटोसाठी हसायला सांगितलंय म्हणून हसतोय असा चेहरा. नाव मिहिर टिपणीस. मी म्हटलं, टिपणीस म्हणजे टिपून ठेवणारेच की.

"अगं, काम पण तसलंच आहे त्याचं," वन्सं म्हणाल्या. "सरकारी खात्यांना माहिती टिपून ठेवायची व्यवस्था करून देतात म्हणे. सल्लागार म्हणतात त्यांना." आणि त्यांनी कंपनीचं नाव सांगितलं.

माझा हात थांबला. पिठात गाठी झाल्या.

मी तेव्हा सरकारी उपक्रमांवर देखरेख ठेवणाऱ्या एका खात्यात उपसंचालक होते. महामंडळं ढीगभर. कुठल्या मंडळावर कोण संचालक आहे, कधीपासून आहे, त्यांच्या बैठका होतात की नुसत्या कागदावर दाखवतात, कुणाच्या घरच्या माणसाला काम मिळालंय, हे एका जागी कुठेच सापडत नसे. आदल्या वर्षी एका महामंडळाच्या व्यवस्थापकीय संचालकानं बांधकामाचं कंत्राट आपल्या व्याह्याला दिल्याचं बाहेर आलं. चौकशीत तो म्हणाला, कंत्राट दिलं तेव्हा मुलांची लग्नं झाली नव्हती, सबब व्याही नव्हते. तारखा पाहिल्या तर खरंच तसं होतं. तो सुटला. त्या प्रकरणावर मी टिप्पणी लिहिली, तिच्यात रागाच्या भरात एक वाक्य गेलं: नातं अक्षता पडल्यावर सुरू होत नाही.

आमचे सचिव भालेरावसाहेब यांना ते वाक्य भारी आवडलं. ते बीडकडचे, बोलायला मोकळे आणि कामाला कडक. येईल त्या बैठकीत ते माझं वाक्य ऐकवत. पुढे सगळ्या महामंडळांच्या कारभाराची संगणकावर एकत्र नोंद ठेवायची असं ठरलं आणि त्यासाठी सल्लागार नेमायला समिती झाली. अध्यक्ष भालेरावसाहेब, वित्त विभागाचे उपसचिव मोरवेकर सदस्य आणि मी सदस्य-सचिव. छाननीत तीन कंपन्या उरल्या होत्या, एक दिल्लीची, एक बंगळूरची आणि एक अंधेरीची. नावं गुप्त होती. गुरुवारी तिघांची सादरीकरणं व्हायची होती.

वन्संनी सांगितलेलं नाव अंधेरीच्या कंपनीचं होतं.

वन्सं पुढे बोलतच होत्या. टिपणिसांना मुलगी पसंत आहे, शनिवारी तुमच्याकडे बैठकीला येतात, देण्याघेण्याचं काही नाही, नुसती बोलणी. मी म्हटलं, एक आठवडा पुढे घेऊ या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच ते आधीचं लग्न मोडलं होतं. पुढे अमावास्या, मग गणपती, मग पितृपंधरवडा. म्हणजे थेट नवरात्र. आणि आपल्या बाजूनं तारीख ढकलली तर त्याचा अर्थ काय निघतो, हे तुला मी सांगायला हवं का, असं त्यांनी विचारलं. कारण काय सांगायचं त्यांना? कारण गुप्त होतं.

त्या गेल्यावर मी यांच्याजवळ बोलले. हे महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. कोणताही प्रश्न शब्दांच्या व्याख्येपासून सुरू करायची सवय. समितीच्या प्रत्येक सदस्यानं गुरुवारच्या आत एका घोषणापत्रावर सही करायची होती: 'निवडीसाठी आलेल्या कोणत्याही कंपनीत माझे नातेवाईक काम करत नाहीत.' मसुदा मीच केला होता.

"स्थळ म्हणजे नातेवाईक नव्हे," हे म्हणाले. "उद्या त्यांनी नाही म्हटलं तर तो कोण तुझा? कुणी नाही. कर सही."

"आणि हो म्हटलं तर?"

"तर शनिवारी होईल नातेवाईक. गुरुवारी नव्हता." एवढं बोलून ते स्वतःच गप्प झाले. त्या व्यवस्थापकीय संचालकाची गोष्ट मीच त्यांना जेवताना सांगितली होती.

दुसरा मार्ग म्हणजे साहेबांना जाऊन सांगायचं. ऐकायला सोपा. पण आमच्याकडे स्थळ पक्कं होईपर्यंत त्याचा ब्र काढत नाहीत. ठरण्याआधी चार जणांत नाव घेतलं आणि मग फिसकटलं, तर मुलगी पुन्हा जिन्यात आणि ऑफिसात चघळली जाणार. त्यात मला सांगावं लागणार होतं ते खात्याच्या सचिवांना, कागदावर, कारणासह. ऑफिस म्हणत होतं आधी सांग, घर म्हणत होतं ठरल्याशिवाय सांगू नको. दोन्ही नियम मला मान्य होते. गेली तीस वर्षं मी दोन्ही पाळत आले होते.

आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक शंका होती. ती मी यांनाही बोलले नव्हते. समितीत मी आहे, हे त्या कंपनीला कळलं तर नसेल? नेमकं आत्ताच, नेमकं माझ्याच घरी हे स्थळ आलं कसं?

सोमवारी संध्याकाळी गौतमी साडीला फॉल लावत बसली होती. मी कपड्यांच्या घड्या घालत सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्यानं माझ्या नोकरीबद्दल काही विचारलं का गं?"

"कुणी?"

"त्या टिपणिसांच्या मुलानं."

सुई तशीच कापडात ठेवून तिनं वर पाहिलं. "का विचारेल?"

"सहज. काही लोक बघतात ना, आई कुठे आहे, वडील कुठे…"

ती हुशार मुलगी. कंपनीचं नाव तिला ठाऊक होतं, माझं खातंही ठाऊक होतं, आणि मी रविवारपासून नीट जेवत नव्हते हेही तिनं पाहिलं होतं. तिनं मनातल्या मनात सगळं जोडलं असावं.

"आई," ती म्हणाली, "माझ्यात बघण्यासारखं काहीच नाही का, की तो तुझ्यासाठी येईल?"

मी घडी मोडून पुन्हा घातली. तिनं फॉल पुरा केला, दोरा दातानं तोडला आणि आत निघून गेली. त्या रात्री न्हाणीघरातून नुसता पाण्याचा आवाज आला.

बुधवारी साहेबांना गाठायचं ठरवूनच घराबाहेर पडले. सकाळी ते मंत्र्यांकडे होते, दुपारी विधिमंडळाच्या कुठल्याशा समितीपुढे. संध्याकाळी लिफ्टच्या दाराशी भेटले, एक पाय आत टाकलेला. मी म्हटलं, साहेब, जरा घरचं बोलायचं होतं. "रजा पाहिजे का, बाई? उद्याचं उरकू द्या, मग आठवडाभर घ्या," असं म्हणून त्यांनी हात हलवला आणि दार बंद झालं. मोरवेकरांचं सही केलेलं घोषणापत्र माझ्या टेबलावर आलं होतं. साहेबांचंही आलं होतं. गोळा करणारी मीच, तेव्हा माझं नाही हे कुणाच्या लक्षात येणार नव्हतं. सहीची जागा कोरी ठेवून मी ते फाइलमध्ये सर्वांत खाली सरकवलं.

गुरुवारी मी स्वतःची समजूत घातली, की एवढ्या मोठ्या कंपनीतून तोच कशाला येईल.

दिल्लीवाले आधी झाले. कोट, टाय, अस्खलित इंग्रजी. भालेरावसाहेबांनी त्यांना त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला: संचालकाचे नातेवाईक नोंदवायचा रकाना आहे, छान. पण अक्षता पडायच्या आधीचं नातं त्यात बसतं का? त्यांना प्रश्न समजावून सांगावा लागला. कायद्यात नातेवाइकांची यादी आहे, तिच्या बाहेर आम्ही जाणार नाही, असं ते म्हणाले. बंगळूरचे म्हणाले, तुम्ही सांगाल तसं करून देऊ. मोरवेकर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्या एका वाक्यानं साहेब सगळ्यांना नापास करणार बघा." मी हसल्यासारखं केलं.

मग अंधेरीचे आत आले. पुढे एक वयस्क गृहस्थ आणि त्यांच्या मागे प्रोजेक्टरची पेटी सांभाळत, जरा पुढे आलेल्या कानांचा मिहिर टिपणीस.

त्यानं मला कधी पाहिलेलं नव्हतं. तारा जोडून तो उभा राहिला, रीतीप्रमाणे एकेकाला नमस्कार करू लागला, आणि माझ्यापाशी आल्यावर त्याची नजर माझ्या पुढच्या पाटीवर गेली. श्रीमती हेमलता दुर्वे. नमस्काराचे जोडलेले हात तसेच राहिले. मग त्यानं यंत्राकडे वळून उगाच एक तार काढून परत लावली.

त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला एवढं कळलं, की याला माहीत नव्हतं. रविवारपासून छातीवर बसलेला एक दगड उतरला. दुसरा तसाच होता.

तो बरा बोलला. मराठीत बोलला, हे साहेबांना आवडलं. नोंदी कशा जमवायच्या, महामंडळांनी माहिती दडवली तर ती कशी पकडायची, हे त्यानं साध्या उदाहरणांनी सांगितलं. मी गुणांचा तक्ता पुढे ठेवून पेन धरून बसले होते आणि एकही आकडा लिहू शकत नव्हते. जास्त दिले तर जावयाला दिले. कमी दिले तर जावयाला दिले असं कुणी म्हणू नये म्हणून कमी दिले. खरे किती द्यायला हवेत, हे मला त्या दिवशी कुणी मारून विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. मला कळलं, आता तो प्रश्न येणार.

"टिपणीससाहेब, अक्षता पडायच्या आधीचं नातं तुमच्या रकान्यात बसतं का?"

मी फाइलच्या तळाचा कागद ओढला आणि खुर्ची मागे सारून उठले. त्याच वेळी तो बोलू लागला.

"बसवायला पाहिजे, साहेब. ज्या नात्याला अजून नाव नाही त्याच्यासाठी वेगळा रकाना पाहिजे. खरी अडचण तिथेच होते." तो थांबला. त्याचे वरिष्ठ मान डोलावत होते. "उदाहरण माझंच देतो. शनिवारी माझी बैठक आहे. दुर्वेमॅडमच्या घरी."

मग मोरवेकरांनी पेन खाली ठेवलं.

"बैठक?" ते म्हणाले. "निविदा चालू असताना सल्लागाराची बैठक? सदस्य-सचिवांच्या घरी?" ते लघुलेखिकेकडे वळले आणि हा शब्द जसाच्या तसा नोंदवा म्हणाले. अंधेरीच्या वरिष्ठ गृहस्थांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. हे तुम्ही कुणाच्या परवानगीनं ठरवलं, असं ते मिहिरला इंग्रजीत विचारू लागले. भालेरावसाहेब माझ्याकडे बघत होते. त्यांच्या त्या बघण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी उभीच होते. टेबलाला हात टेकला.

"साहेब, ती बैठक लग्नाची आहे. माझ्या मुलीच्या."

लघुलेखिकेनं लिहिणं थांबवलं.

"ठरलंय?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"कधी कळलं, यांची कंपनी आहे ते?"

"रविवारी. काल तुम्हाला सांगायला आले होते. लिफ्टपाशी."

त्यांना आठवलं असावं. मोरवेकरांनी विचारलं, मॅडम, मग तुमचं घोषणापत्र कुठंय? मी हातातला कागद पुढे सरकवला. त्यांनी तो उलटून, परत सुलटून पाहिला आणि सही का नाही, असं विचारलं.

"नातेवाईक नाहीत असं लिहवत नव्हतं," मी म्हटलं. "आणि आहेत असं लिहायला अजून तोंड नव्हतं."

"मग हे नेमकं आहे काय?"

"त्याला अजून नाव नाही."

भालेरावसाहेबांनी चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला. "बाई, तुम्ही बाहेर बसा," ते म्हणाले. मग मिहिरकडे पाहून, "तुम्ही पण."

बाहेर कॉरिडॉरमध्ये एकच बाक होता. दोघांना त्यावरच बसावं लागलं, मध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून. शिपायानं आम्हाला पाहुणे समजून चहा आणून दिला.

"तुम्हाला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"पाटी वाचली तेव्हा कळलं. गौतमीनं आई सरकारी नोकरीत आहे एवढंच सांगितलं होतं. मी पुढे विचारलं नाही."

"मग गप्प राहायचं. शनिवारनंतर बघितलं असतं."

"तुम्ही उठत होतात."

"मी पाणी घ्यायला उठत असेन."

"पाणी तुमच्या समोरच होतं," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. अशा वेळी हसू येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मग त्यानं विचारलं, गौतमीला तुम्ही सांगाल की मी सांगू? मी म्हटलं, तू सांग. अहो-जाहो कधी सुटलं ते मला कळलं नाही. त्यानं त्याच्या आईच्या सांधेदुखीचं सांगितलं, वडिलांच्या तापटपणाचं सांगितलं, गौतमी गच्चीवर काय बोलली त्यातलं थोडं सांगितलं आणि बरंचसं गाळलं. मी त्याला आमच्या आधीच्या मोडलेल्या लग्नाचं सांगितलं. आत माझ्या तीस वर्षांच्या नोकरीचं काय ते ठरत होतं आणि बाहेर मी एका मुलाला, त्याला निनावं आवडतं का, असं विचारत होते.

आत जे ठरलं ते साहेबांनी मला नंतर बोलावून सांगितलं. मला समितीतून मोकळं केलं, शेरा न मारता. अंधेरीची कंपनीही बाद झाली. होणारी भेट त्या मुलानं आपणहून सांगितली, हे चांगलंच. पण ती होणार होती, हेही खरं. "तुमचंच वाक्य, बाई," ते म्हणाले. "मी कसं खोडू?" दिल्लीवाल्यांना काम मिळालं.

शुक्रवारी कंपनीनं मिहिरला राजीनामा द्यायला लावलं.

शनिवारी सकाळी मी निनावं केलं. कुणी येईल की नाही ठाऊक नसताना केलं. गौतमीनं फॉल लावलेली ती साडी नेसली, केसांत गजरा मात्र घातला नाही. हे बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडून तीच ती मासिकं चाळत राहिले. रस्त्यावर गाडी थांबली की आम्ही तिघंही दाराकडे बघत होतो आणि एकमेकांकडे बघणं टाळत होतो. ऊन उतरल्यावर वन्संचा फोन आला. टिपणीस येत नाहीत. ज्या घराच्या पायी पोराची नोकरी गेली, तिथली सून आम्हाला नको, असा त्यांचा निरोप होता.

गौतमीनं बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. "तू सही करून टाकली असतीस तर, आई?" एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं तिनं स्वतःच निनाव्याच्या वड्या पाडल्या आणि शेजारपाजारी वाटून टाकल्या.

मिहिर त्यानंतर तिला भेटला. वडिलांचं मन वळवायला थोडा वेळ हवा म्हणाला. ती थांबली. गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली. वडील काही वळले नाहीत आणि त्यांना सोडून उभं राहणं मिहिरला जमलं नाही. एके दिवशी ती घरी आली, चपला काढल्या आणि दारातच म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या ऑफिसात तो बोलला ना, आई, ते सोपं होतं. समोर सगळे परके होते." नंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. पुढे नाशिकच्या एका डॉक्टरशी तिचं लग्न झालं. जावई भला माणूस आहे. गौतमी गुणगुणते, फोनवरही ऐकू येतं.

दुसऱ्या श्रावणात, पिठोरीच्या दिवशी, दारावर बेल वाजली. मिहिर उभा होता. दुसरी नोकरी लागली होती, ते सांगायला आला होता. आत येऊ की नको, अशा विचारात उंबऱ्याबाहेरच थांबला. मी म्हटलं, तू त्या वेळी निनावं खाल्लं कुठे होतंस? आत ये. यांनी त्याला खुर्ची दिली आणि 'सल्लागार' या शब्दाची व्याख्या विचारली.

तेव्हापासून तो पिठोरीला येतो. लग्न झाल्यावर बायकोला घेऊन आला, मग मुलाला. तिला पहिल्याच वर्षी त्यानं सगळं सांगून टाकलेलं होतं. हे गेले तेव्हा नाशिकहून गौतमी पोचेपर्यंत घरात तोच होता. ती आली, त्याला पाहिलं, आणि चहा घेतलास का, असं विचारून आत माझ्याजवळ आली. लोक विचारत, हे कोण? मी म्हणे, मिहिर. पुढे काही जोडायला सापडत नसे. आता मला वाटतं, शनिवारची बैठक झालीच नाही असं आपण उगाच म्हणतो. ती गुरुवारीच झाली होती, त्या कॉरिडॉरमधल्या बाकावर, चहासकट.

गेल्या वर्षी मी मोरीत घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. फोन मिहिरला केला, कारण तो जवळ राहतो. इस्पितळात मला चाकाच्या खुर्चीत बसवून तो खिडकीशी गेला. काचेमागची मुलगी संगणकावर माहिती भरून घेत होती. नाव, वय, पत्ता.

"पेशंट तुमच्या कोण लागतात?"

तो वळून माझ्याकडे बघू लागला. पाय ठणकत होता, तरी मला हसू आलं.

"तो रकाना रिकामा ठेवा," तो म्हणाला.

"रिकामा चालत नाही, काका. सिस्टीम पुढे जात नाही." तिनं पडद्यावरची नाती वाचून दाखवली: मुलगा, सून, भाऊ, पुतण्या. शेवटी 'इतर' होतं. 'इतर' घेतलं तर समोर काय ते लिहावं लागतं, म्हणाली.

"लिहा, निनावं."

"निनावे? हे आडनाव झालं. नातं सांगा." मागे रांग वाढत होती. तिनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जावई टाकू का? बरेच जण टाकतात."

"नको," आम्ही दोघंही एकदम म्हणालो. या वेळी आधी कोण बोललं, ते मला खरंच सांगता येणार नाही.

तिनं खांदे उडवले, मिहिर सांगेल ते अक्षर अक्षर टाइप केलं आणि बटण दाबलं. सिस्टीम पुढे गेली.